शिसवी गिटार आणि तिच्या मालकांची साक्ष

एखाद्या वस्तूचे गुणदोष जाणावयाचे असतील तर ती विकणाऱ्यास विचारूं नये, वापरणाऱ्यास विचारावें, असा आपल्या वडील माणसांचा पूर्वापार दंडक आहे. दुकानदार आपल्या मालास कधीं वाईट म्हणत नाहीं. परंतु जिनें दहा वर्षें एकाच पातेल्यांत दूध तापविलें आहे, तिला त्यांत दूध केव्हां लागतें हें पक्कें ठाऊक असतें. संसारांतील बहुतेक वस्तूंना हा दंडक लागू पडतो. तथापि ज्या वस्तूवर मनुष्याचें प्रेम जडलेलें असतें, आणि जिच्यासाठीं त्यानें मोठी रक्कम मोजलेली असते, तिच्याविषयीं त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. या महिन्यांत त्याच प्रश्नाचा विचार आम्ही एका वाद्याच्या निमित्तानें करणार आहों. तें वाद्य म्हणजे शिसवी लाकडाची, उत्तम बनावटीची गिटार.

गिटारीचें नांव वाचून आमच्या कांहीं ज्येष्ठ वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांत गवसणी घातलेला तंबोरा कोपऱ्यांत उभा असतो, तेथें हें परकें वाद्य कशास, असें त्यांस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु व्हायोलिन आणि बाजाची पेटी हीं दोन्ही वाद्यें परदेशांतूनच आलीं, आणि आज तीं आपल्या बैठकींत घरचीं होऊन बसलीं आहेत. गिटारीचेंही तसेंच होत आलें आहे. गोव्यांत मांडो गातांना घुमट व व्हायोलिन यांच्या जोडीला गिटार ऐकूं येते. पंडित ब्रिजभूषण काबरा यांनीं तर ती मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर रागसंगीत वाजविलें. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या प्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेंत संतूर व बांसरी यांच्या मेळांत त्यांचीच गिटार आहे. हल्लीं घरांतील कन्या किंवा चिरंजीव कॉलेजांतून गिटारीचा हट्ट घेऊन येतात, आणि मग तिजोरीची किल्ली ज्यांच्या हातीं असते त्यांच्यापुढें पेंच उभा राहतो : साधी घ्यावी, कीं मालक मंडळी जिची एवढी वाखाणणी करितात ती शिसवी घ्यावी? दोहोंच्या किंमतींत अंतर मोठें असतें, आणि एकत्र कुटुंबांत एका मुलासाठीं केलेला खर्च दुसऱ्यांच्या डोळ्यांवर येतो, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नलगे.

प्रथम या वाद्याची रचना पाहूं. सतार ज्यांनीं जवळून पाहिली आहे त्यांस ती समजण्यास अडचण पडणार नाहीं. सतारीस जशी तबली, तशीच गिटारीसही पुढच्या बाजूस एक पातळ फळी असते. ती बहुधा स्प्रूस नांवाच्या, पाइन-देवदाराच्या वर्गांतील वृक्षाची असून तिची जाडी अवघी अडीच-तीन मिलिमीटर असते. तिच्यावर घोडी बसविलेली असते. आणि पोलादी तारांच्या गिटारींत सहा तारांचा मिळून सुमारें ७० किलोंचा ताण या घोडीवर सतत पडत असतो. हा भार सोसावा म्हणून तबलीच्या आंतील अंगास लाकडी आधारपट्ट्या चिकटविलेल्या असतात. तार छेडली म्हणजे तिचें कंपन घोडीवाटे तबलीस पोंचतें, तबली हवेस हलविते, आणि पेटींतील हवा मधल्या गोल भोंकांतून श्वास घेतल्याप्रमाणें आंतबाहेर होते. सतारीस ज्या ठिकाणीं भोपळा असतो, त्या ठिकाणीं गिटारीस सपाट पाठ आणि वांकविलेल्या बाजू असतात. शिसवी गिटार म्हणतात ती या पाठीच्या व बाजूंच्या लाकडावरून. जिचा आवाज आपण प्रामुख्यानें ऐकतों ती तबली शिसवाची नसतेच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सारा वाद हिच्याभोंवतींच फिरतो.

आतां या लाकडाची थोडी कुळकथा. सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्खेन गांवचा ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा कारागीर १८३३ सालीं न्यूयॉर्कला गेला, व पुढें पेन्सिल्व्हेनियांतील नाझरेथ येथें त्याच्या घराण्याचा कारखाना नांवारूपास आला. या कारखान्याच्या ‘डी-१८’ व ‘डी-२८’ या दोन गिटारी जगप्रसिद्ध आहेत. आकार एकच, तबली स्प्रूसचीच. मुख्य भेद इतकाच कीं पहिलीची पाठ महॉगनीची व दुसरीची शिसवी. हा शिसव पूर्वीं ब्राझील देशांतला असे. तें लाकूड दुर्मिळ होऊन त्याच्या ओंडक्यांची निर्यात थांबली, तेव्हां १९६९ च्या सुमारास कारखान्यानें दुसरा शिसव पत्करिला. आणि तो म्हणजे आपल्या दक्षिणेंतील शिसव! वायनाड, कोडगू, निलगिरी या भागांतील रानांतून आणि चहा-कॉफीच्या मळ्यांतील सावलीच्या झाडांतून हें लाकूड परदेशीं जाऊं लागलें. ज्या जातीच्या लाकडाचे पलंग, चौरंग व झोपाळे आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरीं होते, त्याच जातीच्या लाकडावर परदेशांतील वादक बोटें फिरवूं लागले. उत्तर हिंदुस्थानांतील शीशम हा याचा चुलतभाऊ, हा नव्हे. बाजारांत दोहोंची नांवें सर्रास एकमेकांस लावतात, यासाठीं हा भेद सांगून ठेवणें बरें.

या गिटारींचे मालक त्यांच्याविषयीं काय म्हणतात? त्यांच्या मतांत विलक्षण एकवाक्यता आढळते. शिसवी गिटारीचा खर्ज खोल व भरदार असतो, असें ते सांगतात. तिच्या स्वराभोंवतीं उपस्वरांचें वलय असतें. म्हणजे उत्तम जुळलेल्या तंबोऱ्यांतून जसा स्वयंभू गंधार उमटतो, तसें कांहींसें तीमधून ऐकूं येतें. तिची आंस लांब असते, तार छेडल्यावर स्वर लवकर विरत नाहीं. महॉगनीची गिटार सरळ व कोरडें बोलते, शिसवी गिटार गुंजारव करिते. शिवाय वय वाढेल तसा तिचा आवाज खुलत जातो, आणि रोज वाजविली तर अधिकच खुलतो, असा त्यांचा दृढ विश्वास असतो. सौंदर्याविषयीं तर बोलावयासच नको. तांबूस-जांभळ्या रंगावर काळसर रेघांची ती नक्षी पाहून मालकाचे डोळे निवतात. तक्रारी थोड्या : किंमत फार, वजन अंमळ अधिक, आणि हवा बदलली कीं नखरे फार.

या साक्षींत पदार्थविज्ञानास मान्य होण्यासारखें पुष्कळ आहे. शिसवी लाकूड जड व कठीण. एका घनमीटरचें वजन ८०० किलोंच्या वर भरतें, तर महॉगनीचें ६०० च्या आसपास. चांगल्या वाळलेल्या शिसवी फळीस टिचकी मारली तर घंटेसारखा टणत्कार उमटतो, कारण हें लाकूड कंपनाची शक्ति स्वतः फार गिळीत नाहीं. तेव्हां मालकांच्या म्हणण्यास मुळींच आधार नाहीं, असें कोणी म्हणूं नये. प्रश्न एवढाच आहे कीं फळीस टिचकी मारून जो गुण दिसतो, तो गिटार तयार झाल्यावर वादकाच्या कानास खरोखर ओळखतां येतो काय?

हा प्रश्न नवा नाहीं. आधुनिक गिटारीचा जनक मानला गेलेला स्पेनमधील कारागीर आंतोनिओ दे तोरेस यानें १८६२ सालीं एक गिटार केली. तिची तबली उत्तम लाकडाची, पण पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या! नादाचा प्राण तबलींत आहे, पाठींत नव्हे, हें त्यास दाखवावयाचें होतें. ही गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयांत आहे. १९९५ सालीं अमेरिकेंतील टेलर कारखान्याचे बॉब टेलर यांनीं माल ठेवण्याच्या टाकाऊ लाकडी फळ्यांपासून गिटार करून भर प्रदर्शनांत मांडली, तिचाही अभिप्राय हाच.

परंतु कारागिराचें म्हणणें झालें तरी तें एका पक्षाचेंच म्हणणें. म्हणून २०१८ सालीं इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं जी परीक्षा प्रसिद्ध केली, ती आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. त्यांनीं रॉजर बकनॉल या नामांकित कारागिराकडून सहा गिटारी करवून घेतल्या. घाट एक, हात एक. केवळ पाठ व बाजू यांचें लाकूड निराळें. त्यांत ब्राझीलचा शिसव होता, आपला शिसव होता, आणि महॉगनी, मेपल, अक्रोड व सापेली हींही होतीं. ५२ वादकांस मंद उजेडाच्या खोलींत बसवून, डोळ्यांवर वेल्डिंग करणाऱ्या कामगाराचा काळा चष्मा चढवून, त्या वाजवावयास दिल्या. हेतु हा कीं लाकूड डोळ्यांस दिसूं नये. निकाल काय लागला? सहाही गिटारींस मिळालेले गुण जवळजवळ सारखेच! पुढें कांहीं वादकांस केवळ आवाजावरून गिटारी ओळखण्यास सांगितलें, तेंही त्यांस नीट साधलें नाहीं. महाग लाकूड व स्वस्त लाकूड यांतील जो भेद मालक शपथेवर सांगतात, तो डोळे झांकतांच बहुतांशीं नाहींसा झाला.

वाजविल्यानें आवाज खुलतो या समजुतीचीही अशीच परीक्षा झालेली आहे, मात्र ती व्हायोलिनवर. ऑस्ट्रेलियांत एकाच कारागिराकडून दोन जुळीं व्हायोलिनें करविलीं. एक वादकानें नित्य वाजविलें, दुसरें संग्रहालयांत जपून ठेविलें. तीन वर्षांनंतर तुलना केली, तेव्हां श्रोत्यांस दोहोंत लक्षांत घेण्याजोगा भेद आढळला नाहीं. अर्थात् तीन वर्षें म्हणजे वाद्याच्या आयुष्यांत फार नव्हत, आणि व्हायोलिन म्हणजे गिटार नव्हे. तरीपण मालक सहा महिन्यांतच आवाज खुलल्याचें सांगतो, तेव्हां वाद्यापेक्षां त्याचा हातच अधिक खुलला असण्याचा संभव आहे, हें विसरूं नये.

मग मालक खोटें बोलतात काय? छे! तसें म्हणणें हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांची गिटार खरोखर गोड वाजते. चुकतें तें तिच्या गोडपणाचें कारण. कारखानदार ज्या गिटारीस भारी लाकूड लावतो, तिलाच तबलीही निवडक लावतो, तिच्याच आधारपट्ट्या अनुभवी हातांनीं तासवितो, आणि पडदे व घोडीही तिचींच अधिक निगुतीनें बसवितो. या साऱ्या कारागिरीचें श्रेय, डोळ्यांस प्रथम दिसणारें शिसवी लाकूड घेऊन जातें. मोठ्या समारंभांत स्वयंपाक बायका करतात आणि वाहवा यजमानांची होते, त्यांतलाच हा प्रकार! शिवाय डोळा कानास शिकवितो, ही गोष्ट मनुष्यस्वभावांतच आहे. चांदीच्या वाटींतली खीर अधिक गोड लागते, ती कांहीं साखर जास्त असल्यामुळें नव्हे. आणि ज्यानें तें सुंदर वाद्य घेतलें तो तें रोज हातीं धरितो, म्हणून त्याचें वादनही सुधारतें. हा लाभ खराच आहे. मात्र तो लाकडाचा नव्हे, आवडीचा आहे.

तेव्हां मालकांची साक्ष टाकून द्यावी काय? आमच्या मतें ती टाकूं नये, निवडून घ्यावी. ‘आवाज असा कां येतो’ या प्रश्नाचें त्यांचें उत्तर नम्रपणें ऐकून सोडून द्यावें. परंतु ‘ही घरांत कशी नांदते’ या प्रश्नाचें त्यांच्याइतकें खरें उत्तर दुसरा कोणीही देऊं शकणार नाहीं. दांडी हातांत कशी बसते, तासभर वाजविल्यावर खांदा भरून येतो काय, एकदां जुळविलेली गिटार दुसऱ्या दिवशीं सुरांत राहते काय, पांच पावसाळ्यांनंतर दांडी वांकली काय, आणि पडदे झिजल्यावर दुरुस्त करणारा कोठें भेटला, हीं माहिती दुकानांत मिळत नाहीं. ज्याच्याकडे गिटार दहा वर्षें आहे त्याचें मत, ज्यानें ती परवां आणली त्याच्या मतापेक्षां दसपट मोलाचें समजावें. नवी सून पहिल्या सणाला सर्वांसच गुणी दिसते.

हवेसंबंधीं मालक जी तक्रार करितात ती तर अक्षरशः खरी आहे, आणि आपल्या प्रांतांत ती अधिकच लक्षांत घेतली पाहिजे. अखंड लाकडाच्या गिटारीस सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असली म्हणजे मानवते. आपल्या देशावर एप्रिल-मे महिन्यांतील दुपारीं ती पुष्कळदां ३० टक्क्यांच्याही खालीं जाते, आणि कोकणांत आषाढ-श्रावणांत ८० टक्क्यांच्या वर चढते. कोरड्या हवेंत लाकूड आक्रसतें, तबली खचते, तिला चीर पडूं शकते, आणि पडद्यांचीं टोकें दांडीबाहेर येऊन बोटांस लागूं लागतात. दमट हवेंत तबली फुगते व तारा उंच होऊन वाजविणें जड जातें. उपाय साधे आहेत. गिटार भिंतीवर शोभेस टांगून न ठेवितां पेटींत ठेवावी. खिडकीजवळ, स्वयंपाकघराच्या भिंतीशीं अथवा पंख्याच्या झोतांत ठेवूं नये. पावसाळ्यांत पेटींत आर्द्रता शोषणारी पुडी टाकावी. आणि उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत तर ती कदापि सोडूं नये, कारण त्या उष्णतेनें सांधे धरून ठेवणारा सरस सैल होतो. ज्या घरांत तंबोरा नीट सांभाळला जातो, तेथें हा पाठ निराळा द्यावयास नको.

ज्यांस प्रत्यक्ष खरेदी करावयाची आहे, त्यांच्यासाठीं आणखी दोन शब्द. बाजारांत शिसवी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गिटारींस शिसवाचा केवळ पातळ पापुद्रा वरून चिकटविलेला असतो, आंत थराथरांचें साधें लाकूड असतें. पाठीवरील रेघांची नक्षी बाहेरून पाहावी, व मग गोल भोंकांतून आंत डोकावून तीच नक्षी तेथें जुळते काय हें पाहावें. तबलीच्या भोंकाची कड न्याहाळावी. रेघा वरून खालपर्यंत सलग उतरल्या असतील तर फळी अखंड, मध्येंच थर दिसले तर जोडलेली. थरांचें लाकूड म्हणजे फसवणूकच असें मात्र नव्हे. तें हवापाण्यास अधिक टिकतें, आणि नवशिक्या मुलास तेंच सोईचें. फसवणूक होते ती अखंड लाकडाचा भाव देऊन थराचें लाकूड घरीं आणल्यानें. दुसरें असें, कीं बाराव्या पडद्याजवळ जाड तार पडद्यापासून अडीच मिलिमीटरांहून फार उंच नसावी. ती उंच राहिली तर कोंवळीं बोटें सोलून निघतात, आणि मुलानें महिन्याभरांत गिटार माळ्यावर टाकली म्हणजे आपण त्याच्या चंचलपणास दोष देतों. शिकणाऱ्याच्या हातीं साध्या लाकडाची, पण अखंड तबलीची व नीट जुळविलेली गिटार द्यावी. उरलेला पैसा चांगल्या शिक्षकास द्यावा. तो आवाजांत जी भर घालील, ती कोणतेंही लाकूड घालूं शकणार नाहीं.

शेवटीं एका मुक्या साक्षीदाराचेंही म्हणणें ऐकलें पाहिजे. तो म्हणजे स्वतः शिसवाचा वृक्ष. ब्राझीलचा शिसव इतका तोडला गेला कीं १९९२ सालीं ‘साइटीस’ या आंतरराष्ट्रीय करारानें त्याचा व्यापार जवळजवळ बंद केला. २ जानेवारी २०१७ पासून त्या कुळांतील सर्वच शिसव, आपला शिसव धरून, परवान्याच्या कक्षेंत आले. तयार वाद्यांस नोव्हेंबर २०१९ मध्यें त्यांतून सूट मिळाली, पण लाकडावरील निर्बंध राहिलेच. तामिळनाडूनें तर १९९४ सालीं या एका वृक्षाच्या रक्षणासाठीं स्वतंत्र कायदा केला. आपला शिसव जागतिक सूचींत धोक्यांतील वृक्षांत गणला जातो. त्याची वाढ फार मंद. आज लावलेल्या रोपाचें जुनें, काळसर, गाभ्याचें लाकूड पाहण्याचें भाग्य लावणाऱ्यास नव्हे, त्याच्या नातवास लाभावयाचें. जो नादभेद डोळे झांकल्यावर वादकासही ओळखूं येत नाहीं, त्यासाठीं असा वृक्ष पाडावा काय, हा केवळ परदेशांतील कारखानदारांचा प्रश्न नव्हे, आपल्या सह्याद्रीचाही आहे.

ज्यांच्या घरीं शिसवी गिटार आधींच आहे त्यांनीं खंत करूं नये. उलट तिची अशी जोपासना करावी कीं ती पुढील पिढीच्याही हातीं सुरांत जाईल; तोडलेल्या झाडाचें तेवढें तरी ऋण फिटेल. ज्यांस सौंदर्यासाठीं ती हवी आहे व ऐपत आहे, त्यांनीं तीही घ्यावी. सुंदर वस्तूची हौस हा कांहीं अपराध नव्हे. मात्र आपण सौंदर्य विकत घेत आहों, स्वर नव्हे, हें मनाशीं पक्कें असावें. बाकीच्यांनीं आपल्या मुलाची हौस पुरवितांना शेजारच्या घरच्या शिसवी गिटारीकडे पाहून कष्टी होऊं नये. मालकांस अवश्य विचारावें, परंतु काय विचारावयाचें तें ठरवून विचारावें. आणि वाद्य हातीं घेतल्यावर एकदां डोळे मिटून ऐकावें, म्हणजे आपलेच कान आपणांस सल्ला देतील.